टेबलावर काय ठेवायचे? : बालचित्रकलेच्या शिक्षणाची एक चिकित्सा

दलित साहित्याची चर्चा आपल्याकडे गेली पाच-सहा दशके चालू आहे. कविता, कथा, आत्मकथन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. शब्द कोणाचा, अनुभव कोणाचा, सौंदर्य कोणी ठरवायचे, हे प्रश्न आपण विचारले आणि प्रस्थापित समीक्षेला त्यांची उत्तरे देणे भाग पाडले. रेषेविषयी मात्र असे प्रश्न आपण फारसे विचारले नाहीत. चित्रकलेचा तास म्हणजे शाळेतला बिनमहत्त्वाचा तास. तो झाला काय नि न झाला काय, अशीच आपलीही समजूत आहे. 'चित्रं काढून पोट भरणार आहे का?' असे माझ्या आईने मला विचारले होते. तिचे काही चुकले नव्हते. ज्या घरात वहीचे पान दोन्ही बाजूंनी लिहून संपविले जाते, त्या घराने कोरा कागद रेघोट्यांसाठी द्यावा, असे म्हणणे सोपे नाही.

परंतु काय पाहण्याजोगे आहे आणि काय नाही, हे मुलाला शाळा प्रथम शिकविते ती याच तासाला. म्हणून हा तास तपासावयास हवा. मी महाविद्यालयात मराठी शिकवितो, चित्रकार नाही. कलाशिक्षकाची पदविका घेतलेल्या एका मित्रासोबत आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी सकाळी पाचवी ते आठवीच्या मुलांचा पेन्सिलचित्रांचा वर्ग आम्ही चालवितो. पुढील विवेचन त्या वर्गातून आले आहे. त्यात माझ्या दोन चुका आहेत. त्या मुद्दाम सांगणार आहे, कारण त्या केवळ माझ्या नाहीत असे मला वाटते.

१

कोणत्याही मुलाच्या हाती पेन्सिल द्या आणि 'चित्र काढ' म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर उतरत्या छपराचे घर, शेजारी नारळाचे झाड, आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. आमची मुले मराठवाड्यातली. भोवती सपाट माळ, बाभळी, पत्र्याची घरे आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. नारळ त्यांनी नवस फेडताना पाहिला आहे, झाडावर नाही. तरी पहिल्या रविवारी सगळ्या कागदांवर नारळाचे झाड आले. टँकर एकाही कागदावर आला नाही.

याला कल्पनाशक्तीचा अभाव म्हणून मोकळे होता येणार नाही. 'चित्र' नावाच्या गोष्टीत आपली वस्ती बसत नाही, असा निष्कर्ष त्या मुलांनी काढलेला आहे. तो त्यांना कोणी शब्दांत सांगितलेला नाही. पाठ्यपुस्तकातली चित्रे, कॅलेंडरे आणि फळ्यावरचा नमुना पाहून त्यांनी तो आपण होऊन काढला.

निरीक्षणचित्रण या समजुतीला धक्का देते. मुलाला पेला काढावयास सांगा. तो तोंड गोल काढील आणि बूड सरळ रेघेचे काढील. पेल्याचे तोंड गोल असते हे त्याला माहीत आहे, पेला जमिनीवर सपाट बसतो हेही माहीत आहे. त्याने माहिती काढली; दिसले ते काढले नाही. तोच पेला हळूहळू डोळ्याच्या उंचीपर्यंत वर न्यावा. तोंडाचा गोल चपटा होत जातो आणि बरोबर डोळ्यासमोर आला की नुसती आडवी रेघ उरते. हे पाहिल्यावर मुले थक्क होतात. मग पेन्सिल धरलेला हात ताठ करावयाचा, एक डोळा मिटावयाचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून उंचीशी रुंदीचे माप घ्यावयाचे. कपाचा कान काढण्याऐवजी कान आणि कप यांमधली रिकामी जागा काढावयाची. निकोलाईडीस या अमेरिकन शिक्षकाचे १९४१ साली निघालेले पुस्तक चित्रकलेच्या शिक्षकांना परिचित आहे. कागदाकडे न पाहता वस्तूच्या कडेवरून डोळा फिरवावा आणि त्याच गतीने पेन्सिल चालवावी, हा अभ्यास त्यात आहे. असे चित्र वेडेवाकडे येते, मुले पोट धरून हसतात. पण तिथे नारळाचे झाड येत नाही. ती रेषा त्या मुलाने पाहिलेली असते.

माहीत असणे आणि दिसणे यांतला हा फरक आपल्या दृष्टीने लहान नाही. जात हीसुद्धा एक 'माहिती'च आहे. समोर माणूस दिसत असतो. त्याचे आडनाव, त्याची वस्ती माहीत असते. आणि माहिती डोळ्यावर मात करते. मुक्ता साळवे या मातंग मुलीने फुल्यांच्या शाळेत शिकत असताना मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. धर्माने सांगितलेली माहिती बाजूला सारून तिने भोवतालचे जिणे पाहिले आणि पाहिले तसे मांडले. निरीक्षणाचा याहून मोठा धडा आपल्या परंपरेत शोधावा लागू नये. आमच्या विहारात बुद्धाचे एक चित्र आहे. ते बाबासाहेबांनी काढलेले म्हणून ओळखले जाते. त्या चित्रातल्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत. मुलांना त्याविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

२

मात्र निरीक्षण शिकविले म्हणजे काम झाले, असे नाही. कशाचे निरीक्षण, हा प्रश्न उरतोच. टेबलावर वस्तू ठेवणारा हात कोणाचा आहे?

आपली चित्रकलाशिक्षणाची पद्धत आकाशातून पडलेली नाही. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तिच्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. देशी कारागिराला रेखांकनाचे शास्त्र शिकवून मालाचा दर्जा सुधारावा, हा आरंभीचा एक मुख्य हेतू होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला ठरलेली पद्धत इथे आली : आधी छापील नमुन्यांची हुबेहूब नक्कल, मग भौमितिक घनाकृती, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती. १८९३ साली तिथे ड्रॉइंग शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला आणि ही शिस्त गावोगावच्या शाळांत पोहोचली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचा साचा याच परंपरेतला. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हे विषय आजही हजारो मुले गिरवीत असतात.

या परीक्षांना सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी हात तयार केले. आपल्यातल्या अनेकांनी त्या जोरावर बोर्ड रंगविले, चौदा एप्रिलचे बॅनर रंगविले, कलाशिक्षकाची नोकरी मिळविली. परंतु टेबलावर काय ठेवावयाचे हे या शिस्तीत विद्यार्थी कधीच ठरवीत नाही. घडा, तांब्या, फळे, पुस्तक. मागे घडी पडलेले कापड. स्मरणचित्राला बाजार, सण, खेळाचे मैदान. या घरात सण कसा होतो, त्या बाजारात याची आई कोठे बसते, हे कोणी विचारीत नाही.

याच्या उलट बाजूचाही इतिहास आहे आणि तो अधिक सावधपणे वाचला पाहिजे. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ ते १८७५ या काळात मुंबईच्या कलाशाळेत शिकवीत होते. १८७० च्या आसपास सरकारी कामगिरीवर त्यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या कारागिरांची चित्रे काढली. हातांची ठेवण, हत्यारांची पकड त्यांनी फार बारकाईने टिपली आहे. त्या चित्रांत उपहास नाही, आदर आहे. तरी माणूस आणि त्याचा धंदा तिथे एकच होऊन जातो. हत्यार बाजूला ठेवून बसलेला, धंद्याखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करणारा कारागीर त्या चित्रांत येऊ शकत नाही. पुढे स्वतंत्र भारतात, १९५३ साली, मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलाने अर्धा दिवस शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण, म्हणजे जातीचे शिक्षण म्हटले. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. श्रमाचा गौरव करता करता माणसाला त्याच्या जन्माच्या श्रमाला कसे बांधून टाकता येते, याचे हे उदाहरण मला पुस्तकातून माहीत होते. तरी मी तीच चूक केली.

३

'पितळी घडाच का? आपल्या घरातली वस्तू टेबलावर आली पाहिजे,' असे मी मोठ्या उत्साहाने ठरविले. मुलांना सांगितले, पुढच्या रविवारी घरून एक वस्तू आणा. जर्मनचे पातेले आले, कंदील आला, गवंड्याची थापी आली. सातवीतला एक मुलगा रिकाम्या हाताने आला. त्याची आजी शिंदीच्या केरसुण्या बांधते. आठवडी बाजारात विकते. मी सर्वांसमोर म्हणालो, 'अरे, आजीची केरसुणी आणायची की! काय सुरेख बांधते ती.' पोरे खुसखुसली. तो खाली बघत म्हणाला, 'सर, ती नको. तांब्याच ठेवा.' मी त्याला श्रमाच्या प्रतिष्ठेवर दहा मिनिटे ऐकविले. पुढच्या रविवारी तो आला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. आजी पाती चिरीत बसली होती. तिने मला बसावयास पोते दिले आणि हातातले काम न थांबविता म्हणाली, 'मास्तर, फडे मी बांधते. त्याला साळंत घातलं ते फडा हातातून सुटावा म्हणून. तुम्ही तोच त्याच्या कागदावर आणून ठेवला व्हय?'

माझ्यापाशी उत्तर नव्हते. लक्ष्मीपूजनाला घरोघर नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजली जाते. ती बांधणाऱ्या हाताला त्या पूजेत जागा नसते. मी याहून वेगळे काय केले होते? वस्तूला मान दिला आणि मुलाला तिच्याशेजारी उभे केले. माझ्या दृष्टीने ते प्रस्थापित सौंदर्यदृष्टीला दिलेले आव्हान होते. त्या मुलाच्या दृष्टीने भर वर्गात त्याच्या जातीचा उच्चार झाला होता.

इथे कोणी विचारील की, मग केरसुणीचे चित्र काढूच नये काय? सवी सावरकर यांच्या चित्रांत गळ्यात मडके आणि मागे केरसुणी बांधलेला अस्पृश्य वारंवार येतो. पेशवाईतल्या त्या विटंबनेला त्यांनी रेषेत आणले, आणि आधुनिक भारतीय चित्रकलेला एका न पाहिलेल्या गोष्टीकडे पाहणे भाग पाडले. पण तो जाणत्या वयातल्या चित्रकाराने स्वतः केलेला निर्णय होता. ती केरसुणी त्याच्या हातात कोणी दिली नव्हती. माझ्या वर्गातल्या मुलाला मी ती दिली. चित्रविषय तोच असला तरी या दोन कृती परस्परविरुद्ध आहेत. निवड कोणी केली, हे पाहिल्यावाचून कलेतल्या बांधिलकीविषयी बोलता येत नाही. विद्रोहसुद्धा नेमून दिला की तो गृहपाठ होतो.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. काय ठेवावयाचे ते ज्याने त्याने ठरवावे, कारण सांगू नये. काच फुटलेला मोबाइल आला, वडिलांचे हेल्मेट आले, एका मुलीने सायकलचे कुलूप ठेवले. तो मुलगा तीन आठवड्यांनी परत आला. त्याने पायातला शाळेचा बूट काढला आणि टेबलावर ठेवला. नाडीच्या गाठी त्याला जमेनात. कोणती नाडी वरून जाते, कोणती खालून, हे पाहण्यात त्याचे दोन रविवार गेले. हुबेहूबपणात ते चित्र कमीच होते. पण नाडीची प्रत्येक गाठ त्याने पाहिलेली होती.

४

दुसरी चूक अमूर्त चित्राच्या बाबतीत झाली. अमूर्ताविषयी आपल्या चळवळीत एक अढी आहे आणि तिला कारण आहे. वासुदेव गायतोंडे, प्रभाकर बरवे यांच्या चित्रांविषयी जे मराठीत लिहिले जाते त्यातली पुष्कळ भाषा मौन, ध्यान, शून्य अशा शब्दांतून फिरते. भुकेल्या माणसाला ती भाषा परकी वाटली तर नवल नाही. 'अमूर्त हा पोट भरलेल्यांचा खेळ' असे मीही विद्यार्थिदशेत भाषणात म्हटले आहे.

माझ्या मित्राने आग्रह धरला म्हणून आम्ही वस्तूवाचूनचे अभ्यास सुरू केले. आठ चौकोन आखावयाचे आणि पेन्सिलीचा दाब वाढवीत फिक्यापासून गडदापर्यंत भरावयाचे. एकच रेघ हात न उचलता कागदभर फिरवावयाची. पॉल क्ले याने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिक्षणविषयक पुस्तिकेचा आरंभच फिरावयास निघालेल्या रेषेपासून केला आहे, ती रेषा तीच. मग गर्दी, तहान, उशीर असा एखादा शब्द द्यावयाचा, आणि कोणतीही वस्तू न काढता, केवळ रेषांची दाटी, विरळपणा, दिशा आणि दाब यांतून तो दाखवावयाचा. शेवटी शब्दही द्यावयाचा नाही.

त्या मुलाने एके दिवशी कागदाच्या तळाशी एका जागी गडद, घट्ट रेघा काढल्या आणि तिथून वर त्या मोकळ्या, फिक्या होत पसरत नेल्या. मी हरखून गेलो. 'केरसुणी ना रे?' मला वाटले, जे त्याला उघड काढता आले नाही ते असे बाहेर आले. तो शांतपणे म्हणाला, 'नाही सर. काही नाही ते. एका जागेवरून निघालेल्या रेघा आहेत.'

दलित साहित्याशी मराठी समीक्षा जशी वागली, तसाच मी त्या कागदाशी वागलो होतो. आत्मकथने आली तेव्हा त्यांचा गौरव झाला. पण कोणत्या शब्दांत? दाहक, प्रखर, अस्सल वास्तव, सामाजिक दस्तऐवज. रचना कशी आहे, काळ कसा हाताळला आहे, एखादा प्रसंग आधी का आणि नंतर का नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. घाट हा त्यांचा, अनुभव तेवढा आपला, अशी ही वाटणी आहे. आपणही नकळत ती मान्य केली. त्यामुळे आपल्या मुलाने रेघ ओढली की आपण तिच्यात साक्ष शोधतो. दुसऱ्या मुलाची रेघ रेघ असू शकते. आपल्या मुलाची रेघ जातीकडे बोट दाखवीलच, अशी आपली खात्री असते. निरर्थक राहण्याचा, निदान अर्थ न सांगण्याचा अधिकार हा कलेतला एक मोठा अधिकार आहे आणि तो आपण आपल्याच मुलांना नाकारतो.

यावर काही मित्र म्हणतात की, अमूर्त आपल्याला परके नाहीच. आपल्या बायांच्या गोधड्या पाहा, दोराचा पीळ पाहा, चामडे बेतणाऱ्याचा हात पाहा. हे खरे आहे. गोधडीतले जुन्या लुगड्यांचे तुकडे कसे जोडावयाचे, धावदोरा कोठून वळवावयाचा, यामागे रंग आणि आकार यांचा पक्का विचार असतो, आणि कलेच्या इतिहासाने त्याची दखल उशिरा घेतली. पण 'अमूर्त आपल्या रक्तात आहे' असे म्हणण्यापर्यंत जाऊ नये. कौशल्य रक्तात नसते. ते हाताने वर्षानुवर्षे कमावलेले असते. ते जन्माने येते असे मानले की आपण ज्या सिद्धान्ताशी भांडत आलो तोच मागच्या दाराने घरात येतो.

अमूर्ताचाही साचा होऊ शकतो, हेही नमूद करतो. वर्तुळे-त्रिकोण एकमेकांवर टाकावयाचे आणि एकाआड एक तुकडे भरावयाचे, याला शाळेत संकल्पचित्र म्हणतात. ते दोन डोंगरांइतकेच तयार आहे. म्हणून आम्ही निरीक्षण आणि अमूर्त यांना दोन इयत्ता मानीत नाही. बूट काढून झाला की त्याच्या फक्त नाड्यांच्या दिशा दुसऱ्या कागदावर घ्यावयाच्या. मग फक्त सावल्यांचे आकार. मग बूट उचलून ठेवावयाचा आणि कागदावर जे आहे त्याला पुढे काय हवे ते पाहावयाचे. अशा रीतीने अमूर्त हे वास्तवापासून पळणे उरत नाही, आणि वास्तवाची गुलामीही उरत नाही.

५

व्यवहाराच्या चार गोष्टी. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती पटसंख्या शंभरावर असलेल्या शाळेसाठी. वाडी-वस्तीवरच्या लहान शाळा त्यातून आपोआप सुटतात, आणि आपली पुष्कळ मुले त्याच शाळांत आहेत. ही अट बदलण्याची मागणी आपल्या शिक्षक संघटनांनी लावून धरावयास हवी. तोवर विहारे, वसतिगृहे, अभ्यासिका आहेत. देवीप्रसाद यांनी १९४४ पासून सेवाग्रामच्या शाळेत मुलांबरोबर चित्रकलेचे जे काम केले, त्यात महागड्या साहित्याची प्रतिष्ठा नव्हती. तो धडा घेण्याजोगा आहे. कचेऱ्यांतून मिळणारे एका बाजूने छापलेले कागद, एक टूबी आणि एक सिक्सबी पेन्सिल एवढ्यावर वर्षभर काम चालते.

खोडरबर आम्ही पहिले तीन महिने देत नाही. आपले मूल कागद फाटेपर्यंत खोडीत बसते. चुकले तर कोणी काही म्हणेल, ही धास्ती त्याच्या बोटांत असते. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि तिच्या शेजारी दुसरी काढावी, एवढेच सांगतो. हळूहळू हात मोकळा होतो.

गेल्या चौदा एप्रिलला मुलांची चित्रे विहाराच्या भिंतीवर लावली. त्या मुलाचा बूट लावला, आणि रेघांचे चित्रही लावले. बुटापाशी लोक थांबत होते. रेघांपाशी येऊन विचारीत होते, 'हे काय आहे?' जयंती समितीचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, स्केचपेन घेऊन आले. खाली 'अन्यायाविरुद्ध उसळलेला समाज' असे लिहू या म्हणाले. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, 'त्यालाच विचारा.' तो म्हणाला, 'काका, काही लिहू नका.'

कार्यकर्त्यांनी पेनचे टोपण लावले. पण त्यांचे समाधान झाले नाही आणि त्यांनी मला बाजूला घेऊन तसे सांगितलेही. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता : समाजाला उपयोग नाही असे चित्र आपण आपल्या विहारात का लावावे? माझे उत्तर असे की, ज्याच्या प्रत्येक कृतीचा उपयोग आजवर दुसऱ्यांनी ठरविला, त्या समाजातल्या मुलाने उपयोग न सांगता चार रेघा काढणे आणि त्या तशाच राहू देण्यास आपल्याला सांगणे, हा चळवळीचाच एक भाग आहे. हे उत्तर पुरेसे आहे की नाही, याची चर्चा या अंकाच्या वाचकांनी, विशेषतः शाळेत शिकविणाऱ्या मित्रांनी, पुढे न्यावी अशी अपेक्षा आहे.